पत्र्याचा चंद्र आणि अंबूबाईची चतुर्थी

माण तालुक्यातल्या माणसानं घरात समुद्र पाळावा, हे ऐकायलाच कसंतरी वाटतं. जिथं पाहुण्याला चहा दोनदा मिळतो पण पाण्याचा तांब्या एकदाच, त्या मुलखातला मानसिंग पोळ साताऱ्यात मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या घरात, माडीवर, काचेच्या पेटीत खारं पाणी भरून बसला होता. हे पाणी पिता येत नाही, पिकाला चालत नाही, भांडी घासायलासुद्धा कामाचं नाही. "गावात कळलं तर टँकरवाला बी गाडी थांबवून हसंल," असं तो स्वतःच सांगत सुटायचा. मानसिंगला हसायची पाळी आली की तो दुसऱ्या कुणाला पुढं जाऊ द्यायचा नाही, पहिला नंबर स्वतःचा.

गावात त्याला कप्तान म्हणायचे. नौदलात होता ना! आता खरं काय ते ऐका. मानसिंगची सगळी नोकरी किनाऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये, जळालेल्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळण्यात गेली. बोटीत तो मोजून दोनदा चढला आणि दोन्ही वेळा धक्का सोडायच्या आत त्याच्या पोटातलं बाहेर आलं. पण सुट्टीवर आला की पारावर बसून लाटा अशा काही सांगायचा, की ऐकणाऱ्यांनी धोतर आवरून घ्यावं. फक्त एक गोष्ट त्यानं कधी पारावर सांगितली नाही. अंदमानात बदली असताना एका रविवारी साहेबलोकांच्या बायकापोरांबरोबर त्याला तळाला काच बसवलेल्या होडीत बसायला मिळालं होतं. काचेखाली पोवळ्याचा खडक होता. जांभळा, पिवळा, हिरवा, आणि त्यात मुठीएवढे मासे आपल्या घरात फिरावं तसे फिरत होते. मानसिंग असा वाकून बसला की एका मेमसाहेबांना त्याच्या पाठीशिवाय काही दिसेना. त्या दिवशी त्याला उलटी झाली नाही. आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं आणि ते कुणाला सांगायलाही त्याला लाज वाटायची, कारण माणच्या गड्यानं फुलं बघून डोळ्यात पाणी आणावं, हे काय बरं दिसतं का?

पेन्शन घेऊन आल्यावर त्यानं साताऱ्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं. पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर, त्यामागं परसू, वर एक माडी. घरात बायको मनुबाई आणि म्हातारी आई अंबूबाई. पोरगा जयराज लोणंदला आत्याकडं राहून सैन्यभरतीसाठी पळायचा सराव करत होता. विहिरीवरच्या मोटारी मानसिंग चांगल्या बांधायचा, त्यात वाद नाही. वाद होता तो त्याच्या डोक्यातल्या किड्याचा. हातातलं काम संपलं की त्याला काहीतरी नवं बनवायचं असायचं, आणि नवं बनवलेलं काही चालायचं नाही. त्यानं अंडी उबवायची पेटी केली. पिल्लू एकही निघालं नाही, पण अंडी झकास उकडली, आणि घरात आठवडाभर रस्सा चालला. ताक घुसळायला मोटार लावली तर लोणी आढ्याला जाऊन बसलं. अंबूबाईला हाक मारायला सोपं जावं म्हणून तिच्या उशाशी बटण आणि स्वयंपाकघरात घंटी बसवली. शेजारणीनं मिक्सर लावला की ह्यांच्या घरात घंटी! मनुबाई दिवसातून दहादा "काय आत्याबाई?" म्हणत धावायची आणि अंबूबाई म्हणायची, "मी कुठं काय म्हनलं?"

"माज्या हाताला यशच न्हाई बघा," मानसिंग गिऱ्हाइकाला हसत हसत सांगायचा. गिऱ्हाईक मग घाबरून आपल्या मोटारीकडं बघायचं.

हे हसणं अंबूबाईला मात्र सोसत नव्हतं. पोरगा स्वतःला चारचौघांत असा उघडा करून घेतो, तेव्हा त्याच्या आत काय होतं ते तिला ठाऊक होतं. औंधच्या यमाईला तिनं तीनदा खणा-नारळानं ओटी भरली. यमाईनं ऐकलं असेल, पण घाई केली नाही. मग पेठेतल्या बायकांनी सांगितलं, की एकवीस संकष्ट्या करा, चंद्र डोळ्यानं बघितल्याशिवाय अन्नाला शिवू नका, गणपती विघ्नं काढतो. म्हातारीनं ते मनावर घेतलं. "मान्याच्या हाताला एकदा यश येऊ दे," असं तिनं सगळ्यांसमोर बोलून धरलं. दिवसभर फक्त पाणी आणि चहाचा घोट. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, डॉक्टर ऑपरेशनची घाई करत होते, तर म्हणाली, "एकवीस होऊ द्या, मग काय ते कापा." पावसाळ्यात ढगांनी चंद्र झाकला तर बाकीच्या बायका पंचांगातली वेळ बघून जेवायच्या. ही नाही. परसात तुळशीजवळ पाट टाकून घराच्या कौलांकडं डोळे लावून बसायची, कारण चंद्र त्या घराच्या मागूनच वर यायचा. एकदोनदा तर अशी बसून राहिली, की मनुबाईला रडू फुटलं.

मानसिंगला हे सगळं बघवत नसे. आपल्यासारख्या बिनकामाच्या माणसासाठी पंचाहत्तरीच्या बाईनं उपाशी बसावं! "आये, अगं माज्यावर कशाला वाया घालवतीस? जयराजसाठी माग, त्याची छाती जरा कमी भरती," तो म्हणायचा. अंबूबाई म्हणायची, "जयराज पळतोय त्याच्या पायानं. तू गप."

तर समुद्र कसा आला ते सांगतो. सांगलीचे लालासाहेब म्हणून हळदीचे व्यापारी होते, मानसिंगचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा ट्रक हळद घेऊन रत्नागिरीला जायचा आणि येताना बऱ्याचदा मोकळा यायचा. मानसिंगनं एकदा त्यांची मोटार बांधून दिल्यावर भीत भीत म्हटलं, "लालासाहेब, येताना जरा समुद्राचं पाणी आनाल का? चार-पाच कॅन?" लालासाहेबांना वाटलं काही औषधाला हवं असेल. त्यांनी ते आणलं. मग खडक आणला, त्यावर बटणांसारखे हिरवे पोवळ्याचे ठिपके होते. मग त्यांच्या ड्रायव्हरनं ओहोटीत एक समुद्रफूल उपटून आणलं, लांब बोटांचं, फिकट गुलाबी, आणि पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे. मानसिंगनं पंपाच्या मोटारीचा छोटा भाऊ बनवून पाण्यात बुडबुडे सोडले. घरमालक वजनाच्या काळजीनं वर येऊन जमिनीवर पाय आपटून गेले, पण जमीन काही खचली नाही.

मासे जगले. हेच पहिलं आश्चर्य. पण समुद्रफूल मिटलं ते मिटलंच. पोवळ्याची बटणंही अर्धवट डोळे मिटल्यासारखी. मानसिंग तासन् तास पेटीसमोर बसायचा. पाणी बदलून झालं, दिवसाची ट्यूब वाढवून झाली. मग अंदमानात होडीवाल्या कोळ्यानं सांगितलेलं त्याला आठवलं, की पोवळं चंद्र बघून वागतं, पुनवेच्या हिशेबानं अंडी घालतं. झालं! किडा वळवळला. ह्याला चंद्रच मिळत नाही म्हणून हे रुसलंय, असं त्यानं ठरवून टाकलं. दुसरा कुणी असता तर आधी पाण्यातलं मीठ तपासलं असतं. मानसिंगनं चंद्र करायला घेतला.

वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला आणि तळ गोल कापून काढला. तिथं जुन्या दिव्याची दुधी काच बसवली, मागं गणपतीच्या आराशीतला निळा जिलेटीन कागद. दोन थर लावल्यावर अमावस्या झाली, म्हणून एकच ठेवला. आत बल्ब. पण बल्बचा उजेड चंद्राचा कुठं असतो? तो मुतारीचा असतो. तेव्हा त्यानं दुसरा बल्ब त्याच तारेत पाठोपाठ जोडून एका खोक्यात कोंडला, म्हणजे दोघांत वीज वाटली जाऊन दोघंही मंद झाले. एवढं त्याला येत होतं, शेवटी वायरमनच तो. कला दाखवायला काचेपुढं पत्र्याचं झाकण ठेवलं, ते रोज जरा जरा सरकवायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तेवढा चंद्र उघडा ठेवायचा. डबा पेटीवर तिरका टांगला, तोंड परसाकडच्या खिडकीकडं. राहिला चंद्रोदय. त्यासाठी घरातलं एकमेव चालू घड्याळ, गजराचं, मनुबाईच्या माहेरचं, त्यानं उचललं. गजर झाला की मागची चावी गरगर फिरते. त्या चावीला दोरा बांधला, दोरा बटणाला. गजर झाला, चावी फिरली, दोरा गुंडाळला, बटण खाली, चंद्र वर!

"आवं, आता मी कुकर किती वेळ लावायचा ते कशावर बघू?" मनुबाईनं विचारलं.

"शिट्ट्या मोज की."

"आन टायम?"

"टायम आता समुद्राकडं गेला," मानसिंग म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर एकटाच हसला.

चंद्र चालला. गंमत म्हणजे पहिल्या दिवसापासून चालला. मानसिंगला याची सवय नव्हती, त्यामुळं तो दोन दिवस तारा हुंगत फिरला. पण मंद निळसर उजेड पाण्यावर पडायचा, मासे हळू व्हायचे, खडकाच्या सावल्या लांब व्हायच्या, आणि मानसिंग त्या होडीतल्यासारखा वाकून बसायचा. समुद्रफुलाला मात्र चंद्राचं काही पडलं नव्हतं. ते मिटूनच होतं. "त्याला बी माज्या कामाची ख्याती कळलेली दिसतीय," तो म्हणाला.

श्रावण लागला आणि अंबूबाईची एकविसावी संकष्टी आली. सकाळपासून भुरभुर पाऊस. मनुबाईनं मोदकाची तयारी केली. त्याच दिवशी लालासाहेब कामानं साताऱ्यात आले होते आणि संध्याकाळच्या एसटीनं सांगलीला परतणार होते. मानसिंगला राहवेना. इतकं पाणी आणलं, खडक आणला, त्या माणसानं चंद्र बघायला नको? पण कॅलेंडरात चंद्रोदय सव्वानऊनंतर, आणि गाडी त्याआधीची. मग काय! मानसिंगनं समुद्रापुरता चंद्रोदय अलीकडं ओढला. घड्याळात गजर दिवेलागणीनंतरचा लावला. एवढा पंचांगाचा हिशेब रोज पाळणारा माणूस, एका शाबासकीसाठी ग्रहतारे हलवून मोकळा झाला.

लालासाहेब माडीवर आले, खुर्चीत बसले. गजर झाला, चावी फिरली, चंद्र लागला. चतुर्थीचा, एका बाजूनं जरा चेपलेला, अगदी हुबेहूब. मानसिंग श्वास रोखून लालासाहेबांच्या तोंडाकडं बघत राहिला.

लालासाहेबांनी मान वाकडी करून पेटी पाहिली, डबा पाहिला.

"झीरोचा बल्ब हाय की रं ह्यो, गड्या," ते म्हणाले. "चल, गाडी चुकंल."

मानसिंग खो खो हसला. "व्हय की! झीरोचाच हाय. माजं सगळं झीरोचंच असतंय," म्हणाला, आणि त्यांची पिशवी उचलून स्टँडपर्यंत सोडायला गेला. वाटेत लालासाहेब हळदीच्या भावाबद्दल बोलत होते, आणि मानसिंग हं हं करत होता. त्याला फार लागलं होतं. पोरासारखं लागलं होतं. एवढ्या थोर वयात एका डब्यापायी डोळे भरून यावेत, याचीच त्याला जास्त शरम वाटली.

परत आला तेव्हा स्टँडवरच्या घड्याळात साडेआठसुद्धा झाले नव्हते. घरात शिरला तर स्वयंपाकघरात अंबूबाई पाटावर बसून दुसरा मोदक मोडत होती. तोंडावर असं समाधान, की म्हातारी दहा वर्षांनी लहान दिसत होती.

"आलास? बस. झाली बाबा एकविसावी," ती म्हणाली. "आन देव बी कसा! एवढा पाऊस, पर येळेवर दर्शन दिलं. मी पाट टाकून बसले न बसले तोच वर आला."

मानसिंग बसता बसता थांबला. "कुठं दिसला, आये?"

"कुठं म्हंजी? परसातनं. कौलांपाशी. जरा चेपल्याला, निळा-निळा. पावसात तसा दिसतोय."

मानसिंग परसात गेला. वर काळंकुट्ट आभाळ, चांदणी नाही की चंद्र नाही. आणि कौलांच्या जरा खाली, माडीच्या खिडकीत, पावसानं भिजलेल्या काचेमागं त्याचा डबा लटकत होता. मोतीबिंदूवाल्या डोळ्यांना कुठलं कौल आणि कुठली खिडकी! सुज्ञ माणूसही क्षणभर फसावा असा तो डबा दिसत होता. तुळशीपुढं अर्घ्याचं पाणी, हळदीकुंकू, दूर्वा. आईनं वनस्पती तुपाच्या डब्याला हात जोडले होते.

मनुबाई मागं येऊन उभी राहिली. तिनं वर बघितलं आणि तोंडावर पदर दाबला. "आवं, मला कसं कळावं? मी निरांजन वाऱ्यापासनं झाकत आले, वर बघितलंच न्हाई. आन घरात घड्याळ कुठं हाय? त्ये तर तुमच्या चंद्राला बांधलंया!"

खरंच होतं. मानसिंग तुळशीच्या कट्ट्यावर मटकन बसला. आपल्याला यश मिळावं म्हणून आईनं एकवीस महिने पोट मारलं, आणि ते व्रत नेमकं शेवटच्या घासाला मोडलं कुणी, तर आपण! दुसऱ्या कुणाला हे जमलंच नसतं. दैवानं मानसिंगचं वाटोळं करायचं ठरवलं असतं तरी त्याला इतकं नेटकं साधलं नसतं.

"सांगू नका तुमी," मनुबाई हळूच म्हणाली. "जेवल्यात, झोपतील सुखानं. देवाला काय, त्यो समजून घील. आता सांगितलं तर पुन्ना पैल्यापासनं धरतील. त्या वयाला झेपायचं न्हाई."

मानसिंगलाही ते पटलं. गप्प बसणं किती सोपं होतं. पण आत आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "देवानं दर्शन दिलं गं बाई," आणि दर वेळी तो खिडकीतल्या डब्याकडं बघत होता. आजवर त्यानं लोकांना हसवायला खोटं सांगितलं, पारावर बिनपाण्याच्या लाटा सांगितल्या, पण आईला उपाशीपोटी फसवलं नव्हतं. आणि ही बाई उद्या पेठेत सगळ्यांना सांगत फिरणार. कुणीतरी हसत हसत तिला खिडकी दाखवणार. ते तिनं दुसऱ्याकडून ऐकावं?

तो आत गेला, आईच्या समोर जमिनीवर बसला.

"आये, त्यो चंद्र न्हवता."

"मग?"

"माजा डबा हुता. माडीवरचा. लालासाहेबाला दाखवायला म्या लवकर लावला." सवयीनं त्याला काहीतरी गमतीचं बोलायचं होतं, तोंड उघडलंही, पण काही आलं नाही. "तुजी चतुर्थी मोडली. माज्यामुळं मोडली. मला माफ कर."

अंबूबाईनं हातातला मोदक ताटात ठेवला. मनुबाई दाराशी उभी होती. मग म्हातारी भिंतीचा आधार घेऊन उठली.

"चल, दाखीव," ती म्हणाली.

"आये, आता पावसात..."

"दाखीव म्हनले ना!"

तो तिला हाताला धरून परसात घेऊन गेला. तिनं कपाळावर हात धरून खिडकीकडं बघितलं, डोळे बारीक केले, दोन पावलं पुढं गेली, परत मागं आली. मग त्याच्याच हाताला धरून जिना चढली. माडीवर ती डब्याच्या अगदी जवळ नाक नेऊन उभी राहिली. पत्र्याला बोट लावलं. चटका बसला नाही. पाण्यात मासे संथ हलत होते.

"हे तू केलंस?"

"व्हय."

"तूच? एकट्यानं?"

"आये, शिव्या द्यायच्या त्या दे..."

"गप." तिनं त्याच्या दंडाला धरलं. "आरं, तुजी वस्तू मला तीन घरांवरनं वळखू येती. वास येतो, न्हाईतर आवाज येतो, न्हाईतर मनूची धावपळ ऐकू येती. हितं मी समोर बसले, पानी सोडलं, हात जोडले, आन मला कळलं न्हाई. मी म्हनलं, देवाचाच हाय." तिनं त्याचा दंड हलवला. "म्हंजी साधलं की रं तुला!"

मानसिंगला आधी कळेचना ती काय म्हणतेय. कळलं तेव्हा पन्नाशीचा तो बाप्या काचेच्या पेटीला टेकून ढसाढसा रडला. मनुबाई जिन्यात उभी राहून म्हणत होती, "आवं, पेटी हलतीया, पेटी हलतीया!"

अंबूबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, ते पुसताना थोडं जोरातच पुसलं.

"पर चतुर्थी मोडली ती मोडलीच," ती म्हणाली. "देवाशी लबाडी चालायची न्हाई. फुडल्या महिन्यापासनं पैल्यापासनं धरते."

"नको गं आये, माज्यासाठी नको आता."

"तुज्यासाठी कोन म्हनतंय?" अंबूबाई जिन्याकडं वळत म्हणाली. "तुजं झालं. आता जयराजसाठी धरते. त्याची छाती भरत न्हाई म्हनं."